हाकेच्या अंतरावर

लीमा शहराच्या दक्षिणेला, टेकडीवर आमचं घर होतं,
प्लायवूडच्या चार भिंती आणि वर पत्रा.
पाचवी भिंत आमची नव्हती.
ती टेकडीच्या कण्यावरून गेली होती,
दहा फूट काँक्रीट, माथ्यावर काटेरी तार,
तारेत अडकलेली एक पिवळी पिशवी,
मी शाळेत जायला लागले तेव्हाही होती
आणि शाळा सुटली तेव्हाही.

आई भिंतीपलीकडे कामाला जायची.
पलीकडे म्हणजे अगदी पलीकडे. दगड भिरकावला
तर त्यांच्या पोहायच्या तलावात पडला असता.
(आमच्या रोलांदोनं भिरकावला एकदा. पडला.)
आईला मात्र आधी टेकडी उतरावी लागे,
मग एक बस, मग दुसरी, मग फाटक,
फाटकावर वही, वहीत नाव,
तेओफिला उआमानी, सात चाळीस,
आणि पिशवी उघडून दाखवणं,
जातानाही, येतानाही.
पावणेदोन तास.
हाकेच्या अंतरावर म्हणतात ते हेच.
फक्त हाक मारायची नाही,
सेन्योरानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

म्हणून आम्ही पिंप वाजवायचो.
निळं, पाण्याचं, माझ्या खांद्याएवढं.
टँकर आठवड्यातून दोनदा यायचा
किंवा यायचा नाही.
अकराला आई त्यांच्या गच्चीवर चादरी वाळत घाले.
लीमात ऊन कसलं, सात-आठ महिने नुसतं धुकं,
चादरी वाळत नाहीत, विचार करत बसतात.
त्याच वेळी मी लाकडी डावानं तीन ठोके द्यायचे.
ढण्ण ढण्ण ढण्ण: पाणी आलं नाही.
ढप्प ढप्प ढप्प: आलं.
ढण्ण ऐकलं की आई दोन बाटल्या भरून आणायची.
फाटकावरचा माणूस बूच काढून वास घ्यायचा,
पाणीच आहे म्हणून सोडायचा.

तिकडे म्हणे हिरवळीत पाणी जमिनीतूनच डोकं काढतं
आणि गोल गोल फिरतं.
आम्हाला वाटायचं, आई थापा मारते.

एकदा रोलांदोच्या हातावर उकळती किटली कलंडली.
मी तीन ठोके दिले नाहीत.
मी वाजवतच राहिले. डाव मोडला,
मग मुठीनं.
आईनं ऐकलं.
चादर तिथंच टाकून ती बागेच्या टोकाला धावली,
भिंतीपाशी, आणि तिथं थांबली,
कारण तिथं भिंत होती.
मला ती दिसत नव्हती. तिला मी दिसत नव्हते.
पिंप दोघींना ऐकू येत होतं.
मग ती वळली. फाटक. वही.
वेळ अकरा वीस.
त्या दिवशीही त्यानं पिशवी उघडायला लावली,
तिनं उघडली.
ती घरी पोचली तेव्हा शेजारच्या फेलिसितासनं
हातावर किसलेला बटाटा थापून
त्याला झोपवलंही होतं.

पुढं खूप वर्षांनी, नोकरी सोडताना,
सेन्योरानं आईला कॉफी दिली, खुर्चीत बसवून,
आणि गप्पांच्या ओघात म्हणाली,
वरती त्या टेकडीवर कोणीतरी ड्रम शिकायचं,
तुला आठवतं का गं?
इतकी वर्षं शिकलं, पण हात काही बसला नाही.
आई म्हणाली, हो, आठवतं.
कॉफी गोड होती म्हणाली. बिस्किट माझ्यासाठी आणलं.

आता भिंत पाडलीय.
यंत्र आलं, चार दिवस धूळ उडाली,
तुकडे लोकांनी उचलून नेले, पायऱ्यांना, चुलीला.
एक आमच्या पिंपाखाली आहे.
पाणी अजून टँकरनंच येतं.
पहिल्या दिवशी आधी कुत्री गेली पलीकडे,
मग पोरं, मग मी.
सात मिनिटं लागली, घड्याळ लावून मोजली.
तिथं प्लास्टिकच्या खुर्चीवर एक पोरगेलासा माणूस होता,
मांडीवर वही.
काम काय, त्यानं विचारलं.
मला काही सुचेना.
आईचे गुडघे गेलेत, ती येणार नव्हती.
मी मागं वळून पाहिलं,
आमचा पत्रा तिथून चक्क दिसत होता,
दारातलं निळं पिंपसुद्धा.

ती पिवळी पिशवी कुठं गेली,
ते मात्र बघायचं राहिलंच.